मशीनवर चढलेलं नाव

३ मे ७६, सोमवार

सांगलीची फेरी फुकट! नाथाजीला पलटणीत बायकोपोरीला ठेवायला खोली मिळत्या — लगीन होऊन पाच वर्सं झाली तवा कुठं. पण सुनेचं नाव जुळत न्हाई. लगीन ठरलं तवा माझ्या ह्या शान्या लेकानं रजेच्या अर्जात तिचं माहेरचं नाव लिवलं — राही. मांडवात ताटातल्या तांदळावर मी काढायला लावलं — साळू. गावात, रेशनकार्डावर साळू. पलटणीत राही. सरकारला वाटतंय, नाथाजीला दोन बायका हायत. एक झेपंना त्याला!

शिपायांच्या हापिसातला कारकून लालासाहेब म्हणला, "आजी, नाव मशीनवर चढलंय."

"मग उतरव की."

"मला हात लावायची परवानगी न्हाई. मशीनच्या कार्डाला भोकं पाडून नाव ठेवल्यालं असतंय. वरच्या हापिसातल्या एकाच सायबाची सही झाली तर बदलतं."

"त्याला सांग."

"त्याची बदली झाली. नवा यायचाय."

भोक बुजवायला सायेब लागतोय!

५ मे

नातीला नाथाजीचा फोटो दावला. "मने, ह्यो कोन?" म्हणली, "पोलीस." गेल्या रजेला बापाला बघून कणगीमागं लपली हुती. सून चुलीम्होरं हुती. भाकरी करपली तिची.

९ मे

सरपंच हंबीरराव आलता. "काकी, मशीन हलत न्हाई तर सून हलवा. राहीच करून टाका. पंचांचा दाखला मी देतो."

म्हटलं, "नाव मी ठेवलंय. सरकारनं मशीन नीट करावं."

"आवं, पण तुमचं अडतंय कशात?"

"च्या पिऊन झाला असंल तर ऊठ."

१४ मे

नाथाजीचं पत्र. खोली जूनच्या पंधरापतोर राखणार. मग दुसऱ्याला.

१७ मे

मीच करून टाकलं! नवा सायेब आला की दुरुस्ती व्हावी म्हणून हापिसानं त्या फेरीला मशीनचा छापील कागद दिलता — नाव तपासून, सही करून परत द्यायचा. नाव इंग्रजीत. मला कुठलं इंग्रजी? ब्लेडनं खरवडलं, वर मराठीत ठसठशीत लिवलं — साळू.

१९ मे

लालासाहेबानं कागद उजेडाला धरला. आरपार दिसत हुतं.

"आजी, हे काय केलं?"

"तुमी पाडता तसलीच भोकं की!"

हसला न्हाई. खाडाखोड, कागद बाद. नवा कवा येईल त्याला ठावं न्हाई. "तुमाला हात लावायला सांगितलं कुनी?" म्हणला. सगळं हापीस बघत हुतं.

सून संगंच हुती; येष्टीत आमचं कुंडल येईपतोर खिडकीबाहेर बघत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. चुकलं माझं. हे हितं लिवलं, तोंडानं म्हणनार न्हाई.

२३ मे

हंबीररावाच्या दारात गेले. बसले न्हाई. "लिव दाखला."

"नाव ठेवलं कुनी हुतं?"

"मी. ठावं हाय तुला."

"मग काढनारबी तुमीच. तुमच्या सांगण्यावरनं लिवतो." पंच ऐकत हुते. मोठ्यानं बोलाय लावलं मेल्यानं — 'आमच्या सुनेचं नाव राही.' सही केली, बनुबाई. अक्षर वाकडं आलं.

२६ मे

रेशनकार्डावर काल राही झालं. आज लालासाहेबानं दाखला बघितला, मशीनवरलं बघितलं, शिक्का मारला. त्या खरवडल्याल्या कागदाचं मी इचारलं. "मशीनवर आता बदलायचंच न्हाई काय, मग तो कशाला लागतोय?" म्हणला.

तीन वर्सांची मनी दिवसभर आईला राही म्हणून हाका मारतीया. माझीच जीब वळंना.

३० मे

दोघींना येष्टीत बसवलं. राहीचा भाऊ संगं हाय. खिडकीतनं म्हणली, "आत्ती, साळू नाव आता कुनाला ठेवायचं?"

म्हटलं, "कुनाला न्हाई. ते माझं माहेरचं हाय. बनुबाई मला माझ्या सासूनं केलं."

गाडी सुटली हुती. तिला ऐकू गेलं का न्हाई, ठावं न्हाई.