प्रार्थनेच्या यादीतलं घर

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची विधवा, वय एकाहत्तर, आज स्वतःही तेच काम करणारी, हे मृत्युपत्र माझ्या हातानं आणि माझ्या मर्जीनं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं आहे, तो कागद सोबत जोडला आहे. कोणाला तरीही शंका असेल तर त्यानं खुशाल डॉक्टरीणबाईंशी भांडावं; मी तेव्हा नसेन. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कचेरीत माझ्या नावानं टाइप केलेलं एक मृत्युपत्र तयार आहे असं कळतं. त्यावर माझी सही नाही. ते रद्दीत घालावं.

कलम एक. मला ह्यांच्या शेजारी पुरावं. ह्यांचा चष्मा माझ्या पेटीत ठेवावा आणि त्याच्या काचेवरचे तेलाचे ठसे पुसू नयेत. गेली सतरा वर्षं मीही पुसलेले नाहीत. पुरताना जो कोणी बोलेल त्यानं माझ्या विश्वासाबद्दल काय हवं ते बोलावं, पण ‘या घराला कधी काही उणं पडलं नाही’ हे वाक्य उच्चारू नये. पडलं होतं. किती, ते खाली लिहिते.

कलम दोन. माझे धाकटे दीर मंडळीत वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, आहेत. त्यांनी ह्यांच्या आजारपणावर एक साक्षपत्रिका छापून वाटली. आम्ही कोणापुढे हात पसरला नाही, मंडळीनं प्रार्थना केली आणि देवानं सगळं पुरवलं, असं तीत म्हटलं आहे. त्या पत्रिकेच्या जितक्या प्रती माझ्या घरात सापडतील तितक्या मशीनचं तेल पुसायला वापराव्यात. मी तेच करते.

खरं ते असं. आमच्या मंडळीत रीत आहे की गरज माणसाला सांगायची नाही, देवाला सांगायची. नाव यादीत लिहायचं, बुधवारी ते मोठ्यानं वाचलं जातं, आणि सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात. ह्यांची फुप्फुसं गेली, दुकान बंद पडलं, तेव्हा मी नाव लिहिलं. अकरा बुधवार ते वाचलं गेलं. अकरा बुधवार चाळीस माणसांनी डोळे मिटले. मंडळीच्या बाकीच्या वडिलांना वाटलं, ह्यांचा सख्खा भाऊ आहे म्हणजे तो जातच असणार. भावाला वाटलं, बाकीचे वडील जात असणार. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी डबा घेऊन गेला. आमच्या जिन्यावर कोणाचंही पाऊल वाजलं नाही. मी पिठाचा डबा झटकून झटकून त्याची कल्हई घालवली.

बाराव्या आठवड्यात गल्लीत कुलपं दुरुस्त करणारे कुलूपवाले आले. ते जवळजवळ ठार बहिरे, प्रार्थनेला शेवटच्या बाकावर बसतात, यादी त्यांना कधी ऐकूच येत नाही.

“दुकान बंद का? बायकोचं मशीन अडलंय.”

“हे आजारी आहेत.”

“काय?”

“आजारी आहेत! घरात खायला नाही!” सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

“मग इतके दिवस ओरडली का नाहीस, बाई?”

तासाभरात पीठ, कांदे आणि अंडी आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांना पाठीवर घेऊन जिना उतरवला आणि दवाखान्यात नेलं. हे त्यानंतर आठ महिने जगले. ते आठ महिने मला मिळाले, हे मी विसरणार नाही. हे म्हणाले, “बघ, देवानं पाठवला.” मी म्हटलं, “देवानं चाळीस जणांना पाठवलं होतं. आला एकटा.” हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली.

दिरांनी मात्र मला ऐकवलं की मी माणसापुढे रडले, माझा विश्वास कमी पडला. तेव्हा इथं लेखी नोंदवते: देवाच्या प्रेमावर माझा विश्वास तेव्हा होता, आज आहे. चाळीस घरांत पीठ त्यानंच घातलं होतं. माझा राग देवावर नाही. आपली मिटलेली मूठ झाकायला जे त्याचं नाव पुढे करतात, त्यांच्यावर आहे, आणि तो मी बरोबर घेऊन जाणार आहे.

कलम तीन. माझं दोन कानांचं मोठं पातेलं, झाकणासकट, मंडळीला. अट एकच. बुधवारी जो नाव वाचेल, त्यानं त्याच दिवशी त्या घरी जाऊन स्वयंपाकघरात डोकावायचं. अट मोडली तर पातेलं कुलूपवाल्यांच्या बायकोनं उचलून न्यावं.

कलम चार. खालचं दुकान, वरच्या दोन खोल्या, सगळी हत्यारं, सुट्ट्या भागांचे डबे आणि बँकेतली शिल्लक माझ्या पुतणीला, म्हणजे याच दिरांच्या मुलीला. ती तीन वर्षांपूर्वी नवऱ्याकडून आली ती मोडलेलं मनगट ओढणीत बांधून. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि परतीचं तिकीट हातात दिलं. ती स्टेशनावर न जाता माझ्याकडे आली. ते मनगट अजून पुरतं वळत नाही, तरी मशीनचं बिघडलेलं शटल ती माझ्याहून लवकर जागेवर आणते.

गेल्या गुरुवारी दुपारी दीर येऊन दुकानात बसले.

“वहिनी, घर मंडळीला द्या. प्रार्थनागृह करू. दादाचं नाव दगडावर कोरू.”

“आणि तुमची लेक?”

“तिला देव सांभाळेल.”

“सांभाळतोच आहे, भावजी. हे घर त्यानं मला उगाच दिलं का?”

“पण तुम्ही घर दिलंत तर ती नवऱ्याकडे परत कधी जाणार?”

“नाही जाणार. म्हणूनच देते.”

पुतणी आतल्या मशीनवर होती. तिचा पाय पायडलवर थांबला, मग पुन्हा चालू झाला. तिनं सगळं ऐकलं आहे. या घरात कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, हे यापुढे ती एकटी ठरवील. तिच्या बापालाही विचारूनच आत यावं लागेल.

कलम पाच. ह्यांचा लोकरीचा कोट कुलूपवाल्यांना. बाह्या लांब होतील, पण दुमडून घालता येतील. माझं पवित्र शास्त्र पुतणीला. मी चाळिशीत त्यावरच बोट ठेवून अक्षरं शिकले, त्यामुळे पहिली पानं मळली आहेत. समासात मी देवाशी घातलेले वाद आहेत. तिला पटले नाहीत तर तिनं खाली आपले लिहावेत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई करतील. ज्याला यातून काही मिळत नाही तोच साक्षीदार चालतो असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला पहिलं नाव दिरांचंच सुचलं. त्यांना बोलावलं आहे. सगळं वाचल्याशिवाय त्यांनी सही करायची नाही.

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली.
दिनांक: १४ मार्च, शनिवार, सकाळी अकरा.
सही: मशीनवाली बाई

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: धाकटा दीर. मजकूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. चौथ्या कलमाबाबत माझं म्हणणं वेगळं होतं. ते मागे घेतो.