तनुमध्या

एजवेअर, लंडन,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. मंजिरीस अनेक आशीर्वाद.

ग्लासगोत बर्फ आणि तुझ्या वॉर्डात पेशंट, दोन्ही बेताचेच असोत.

एका घोर अन्यायाची दाद मागायला हे पत्र. तुझ्या ताईने गेल्या उन्हाळ्यात या घरातून बटाटा हद्दपार केला. सकाळी मूग, दुपारी मसूर, रात्री चवळी; शनिवारी चैन म्हणून टोस्टवर बीन्स. एकाच कुकरमधलं दोघं जेवलो, फळ मात्र तिला एकटीला. माझी कंबर म्हणजे व्याकरणातलं अव्यय: काही करा, रूप बदलत नाही. तिची इतकी उतरली की गणपतीत मी तिला ‘तनुमध्या’ म्हटलं. बारीक कमरेची, असा अर्थ सांगितल्यावर लाजली. “लग्नात नाही सुचलं ते!” म्हणाली. तेव्हापासून मंडळातल्या बायका तिला कडधान्यांच्या रेसिपी विचारतात.

दिवाळीत तिनेच पथ्य सोडलं. बटाटा सन्मानाने परतला, चकल्या झाल्या, तू पाठवलेले लाडूही संपले. कंबर उतरतेच आहे.

परवा पट्टा घेऊन आली. “अहो, अजून एक भोक पाडून द्या ना.”

मी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि म्हटलं, “नीना, एकदा आपल्या जीपी डॉक्टरांकडे जाऊन येऊ.”

“कशाला? बारीक झाले म्हणून तक्रार करायला?”

“पण आता तू पथ्य कुठे करतेस?”

“तनुमध्या तुम्हीच म्हणालात ना? आता बघवत नाही वाटतं!”

एवढं संस्कृत शिकलो, ते असं अंगाशी आलं. भोक पाडून दिलं.

हल्ली अर्धी पोळी पानात ठेवून उठते. पाठ दुखते, तर गादी बदलू या म्हणते. काल दुकानात जाऊन गाद्या दाबून आलो. विक्रेत्याशी छान हसत बोलत होती. मी शेजारी उभा.

माझं बोलणं ती थट्टेवारी नेते. ती सवय मीच लावली. तू डॉक्टर आहेस, तिची धाकटी बहीण आहेस. तू फोन कर. मी लिहिलंय हे सांगितलंस तरी चालेल. तुमच्या आईंचा आजार असाच सुरू झाला होता, हे ती विसरली असेल असं मला वाटत नाही. आठवतंय म्हणूनच ती डॉक्टरकडे येत नसावी.

मंजिरी, मला फार भीती वाटते. काय करावं, कळत नाही.

तुझ्या फोनकडे डोळे लावून,
मिलिंदभावोजी