सात खिडक्यांपैकी एक

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात नुसती मान लवते, कागदावर मात्र अजून साष्टांग जमतो.) तुमच्या पायातली सळई काय म्हणते? वॉकर सुटून काठी आली हे ऐकून बरं वाटलं. काठी घेऊन सुनेच्या अंगावर धावून जाऊ नका, एवढंच. मी ठीक आहे. गोळ्या घेते, जेवते, कोपऱ्यापर्यंत फिरून येते. ह्यांना जाऊन आठ महिने झाले, तरी दोघांचा चहा टाकते आणि दोन्ही कप मीच पिते, त्यामुळे ॲसिडिटी वाढली आहे, बाकी काही नाही.

एक गोष्ट फोनवर सांगायला जमेना, म्हणून लिहिते आहे.

ह्यांचा जुना कॉम्प्युटर तुम्हाला आठवत असेल. सुरू केला की धाप लागल्यासारखा आवाज करायचा. गेल्या महिन्यात तो चालता चालता मध्येच बंद पडू लागला. (या घरात असं दुसऱ्यांदा पाहत होते, म्हणून जरा जास्तच घाबरले.) लेकीने नवा पाठवला आणि फोनवर दहा वेळा बजावलं, “आई, बाबांचे फोटो आधी हलव, मग बाकीचं.” मला वाटलं, त्यात काय मोठं, एका कपाटातले काढून दुसऱ्या कपाटात ठेवायचे. अहो, तीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढलेत मी. तिथे एक जुनी फिल्म फेकायची तरी दोघांच्या सह्या लागायच्या. चित्रं सांभाळावीत तर मीच, असा माझा तोरा होता.

इथला कॉम्प्युटरचा दुकानदार घरी येऊन वायर जोडून गेला. माणूस भला, पण इतकं हळू बोलतो की जणू कॉम्प्युटरने ऐकलं तर त्याला वाईट वाटेल. जाताना म्हणाला, “मावशी, तुम्ही काहीच करू नका. ते विचारेल तेव्हा नुसतं ‘हो’ म्हणा. आणि जुना माझ्याकडे देण्याआधी सगळा पुसून टाका, लोक वाईट असतात.” कसं वागावं हे इतक्या थोडक्यात मला लग्नातसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर आधी आलं, चार मिनिटं उरली. मग आलं, एकोणीस तास उरले. मग पुन्हा चार मिनिटं. (ह्यांच्या डॉक्टरांचीच आठवण झाली.) दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचं संपलं. अडतीस हजार दोनशे चौदा फोटो. जुन्यावर तेवढेच, नव्यावर तेवढेच. तीनदा आकडा जुळवला, मग जुना पुसला आणि दुकानदाराकडे पाठवून दिला. इथपर्यंत चुकलं काहीच नव्हतं, हे तुम्ही लक्षात ठेवा.

तुमच्या भावाने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या हे ठाऊक होतं, पण प्रत्येक लिफ्टचा प्रत्येक दोर, चाक, बटण आणि खड्डा टिपून ठेवला असेल याची कल्पना नव्हती. निम्म्याच्या वर फोटो तेच. माझे आहेत चारशे, त्यातल्या तीनशेत डोळे मिटलेले. ह्यांचे स्वतःचे जेमतेम सव्वाशे, कारण कॅमेरा सदा ह्यांच्याच हातात. त्यात नवा कॉम्प्युटर चेहरे ओळखतो म्हणे. त्याने तुमचा आणि ह्यांचा फोटो शेजारी ठेवून विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? नाक तुम्हा दोघांचं सासऱ्यांचंच, त्याचा काय दोष? मला ‘हो’ म्हणण्याची सवय लागली होती, म्हटलं हो. आता त्याच्या हिशेबी तुम्ही मिशा ठेवून लिफ्टच्या खड्ड्यात पाना घेऊन बसला आहात, आणि ह्यांनी माझ्या डोहाळजेवणात हिरवी साडी नेसली आहे. माझी त्याने तीन माणसं केली: चष्म्याआधीची, चष्म्यानंतरची आणि या वर्षातली. तिसरीखाली लिहिलंय, ‘हे कोण?’ ते मी तसंच ठेवलं आहे.

हसून घेतलंत ना? आता पुढचं.

त्याने पुढे विचारलं, एकसारखे फोटो बरेच आहेत, प्रत्येकातला सर्वांत चांगला ठेवून बाकीचे काढू का? माझ्या डोळ्यांपुढे ते दोर होते, एकेका दोराचे वीस-वीस फोटो. म्हटलं हो. सहा हजार गेले. घर झाडल्यासारखं वाटलं मला, काय सांगू. तेवढ्यावर थांबले नाही, कचऱ्याची पेटीही रिकामी केली. नोकरीत कधी अर्धवट काम ठेवलं नाही, ती खोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या आठवड्याचे फोटो उघडले. इतके महिने हिंमत झाली नव्हती. नवीन पडद्यावर होईल असं वाटलं. हॉस्पिटलात ह्यांनी उशाला टेकून खिडकीचे सात फोटो काढले होते, एकापाठोपाठ एक. मी वैतागले होते. म्हटलं, “समोर पाण्याची टाकी आहे, तिचे सात फोटो काय करायचेत?” तर म्हणाले, “टाकी नाही गं. काचेत माणूस येतोय का बघतोय. आरशात बघवत नाही, काचेत जरा बरा दिसतो.” आणि माणूस आलाही होता वन्सं. दाखवला होता मला. पुसट, अंगावर टाकी आलेली, पण हसणारा.

आता एकच फोटो उरला आहे. कॉम्प्युटरने त्याच्या मते सर्वांत चांगला ठेवला: स्वच्छ, जराही न हललेला. टाकीवरचा कावळासुद्धा मोजता येतो. माणूस त्यात नाही.

घरच्या चपलांतच दुकानात गेले. दुकानदाराने जुना कॉम्प्युटर लावून पाहिला, बराच वेळ खटपट केली, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मावशी, यातून काही निघायचं नाही. फार नीट पुसलंय तुम्ही.” तीस वर्षांत माझ्या कामाची अशी तारीफ कुणी केली नव्हती. दुकानातल्या स्टुलावर बसून रडले. त्याने शटर निम्मं खाली ओढलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. ती रागावणार नाही, आणि तेच मला नको आहे.

सुनेला आशीर्वाद. पायाची काळजी घ्या.

तुमची,
भावजय

ता. क. – पाय मोडल्यामुळे तुम्हाला येता येत नव्हतं, म्हणून हे रोज सकाळी तुम्हाला फोटो पाठवत असत. त्या सातांतलेही पाठवले असणार. (ह्यांचा फोन मी केव्हाच रिकामा करून देऊन टाकला.) मला एकही पाठवला नाही. मी शेजारीच बसले होते ना. त्याचा तेव्हा राग आला होता, आज म्हणते बरं झालं. तुमचा फोन भरला की सूनबाई साफ करते, असं तुम्ही कौतुकाने सांगता. हे पत्र वाचत असाल तिथेच थांबा आणि आधी तिला सांगा, फोनला हात लावू नकोस.

ता. क. दुसरा – फोन कुरिअरने नको. तुम्हीच घेऊन या, काठी टेकत या. लिफ्ट चालू आहे.

ता. क. तिसरा – फोटो आधीच गेलेले असले तरी या. फक्त दारात सांगू नका. आत या, बसा, तो दुसरा कप घ्या, आणि मग सांगा.