मागच्या दाराची बोगनवेल

३ मार्च
नल्लकुंट्यात आले एकदाची! पुण्याहून बदलीचं पत्र आलं तेव्हा रडले होते, आज मात्र खूश आहे. रस्त्याकडच्या दोन खोल्या माझ्या, मागच्या भागात घरमालक एकनाथराव. सत्तरीचे, धट्टेकट्टे, एकटेच राहतात. घराणं मराठी, पण तीन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या, त्यामुळे बोलण्यात दखनी मिसळलेली. सामान उतरवताना म्हणाले, "कायको फिकीर करता वंदनाबाई, घर आपलंच समजा." बायको वारली, लेक त्रिवेणी चार वर्षांपूर्वी लग्न होऊन बिदरला गेली म्हणे.

मागच्या अंगणात बोगनवेल आहे. राणी रंगाची, गच्चीपर्यंत चढलेली, सगळी भिंत गिळून बसलेली. पाहूनच माझे हात शिवशिवले.

५ मार्च
छाटू का म्हणून विचारलं. आधी "नक्को" म्हणाले. मग हसले. पुढून हवी तेवढी सावरा, भिंतीकडे जाऊ नका, तिकडे साप असतो.

७ मार्च
कोठीच्या बाजारातून छाटणीची कात्री आणि जाड हातमोजे आणले. एकनाथराव रोज नऊला भाजीला जातात, अकराला येतात. ते गेले आणि मी लागले कामाला. आधी वाळकं काढलं. मग सरळसोट वर गेलेले फुटवे, फांदीवरच्या कोंबाच्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप देऊन. काटे मोजे फाडून मनगटात घुसत होते, पण झुडपाला छान घेर येऊ लागला आणि थांबवेना. आत, आणखी आत कापत गेले.

साप नव्हता. दार होतं. बाहेरून कडी, कडीला कुलूप. खालची फळी चिरलेली.

त्या चिरेतून दोन बोटं बाहेर आली. खाली पडलेली फुलं चाचपली, एक उचललं आणि आत ओढून नेलं.

कात्री तिथेच टाकून मी घरात पळाले. दिवसभर कडी लावून बसले. कुणालाही काही बोलले नाही. का नाही बोलले?

८ मार्च, सकाळी साडेआठ
दार उघडलं तर पायरीवर माझी कात्री. धुतलेली, पात्यांना तेल लावलेलं. एकनाथराव अंगणात उभे होते. म्हणाले, हौ, घेर मस्त दिला तुम्ही. उजेड थेट दारावर पडतो आता. कात्रीला धारही चांगली आहे.

साडेनऊ
तो गेला. चिरेपाशी बसून हाक मारली. हात बाहेर आला, फडक्यात गुंडाळलेला, फडकं ओलं लाल. कालची ती दोन बोटं नाहीत.

ती त्रिवेणी आहे. बिदर कधी पाहिलंही नाही तिने. इथल्याच गौलीगुड्यातल्या एका मुलाशी तिने स्वतःच लग्न ठरवलं होतं. बापाने त्याचे दोन्ही पाय मोडले, हिला इथे कोंडलं. जेवण आतल्या दाराने येतं, तेही कुलपातच. दाराबाहेर वेल त्याने स्वतःच्या हाताने लावली.

बोटं कापली ती माझ्या कात्रीने. मी काल गप्प बसले म्हणून.

पोलिसांना फोन केला. निघालो म्हणाले. माझ्याने थांबवत नाही. गच्चीवर पहार पाहिली आहे.

दहा वाजून गेले
कुलूप तोडलं. तिला उभं राहता येत नव्हतं, काट्यांतूनच ओढून काढली. दोघींची कातडी सोलली. आणि फाटक वाजलं. आज लवकर आला. हातात भाजीची पिशवी, ती नीट खाली ठेवली आणि भिंतीवरचा कोयता काढला. माझ्या खांद्यात बसला. मी पहार घातली, त्याच्या जबड्यावर, पुन्हा घातली, दात पडलेले पाहिले. पडला. उठत होता. आम्ही माझ्या खोलीत. कडी लावली, कपाट ढकललं.

डावा हात उचलत नाही. लिहिते आहे, कारण आमचं काही झालं तर कुणाला तरी—

तो दारापाशी आला आहे. कोयता मारत नाही. बोलतो आहे. तोंडात रक्त, तरी गोड बोलतो. त्रिवू, बाहेर ये बेटा. बाईंना लागलंय, दवाखान्यात नेऊ. पुन्हा पुन्हा तेच.

गाडीचा आवाज? नाही. रिक्षा.

त्रिवेणी मोरीत, माझ्या साडीने हात दाबून बसली आहे. बापाचं बोलणं ऐकते आहे. म्हणते, बोलतोय तोवर भीती नाही. त्या मुलाच्या वेळीही असाच बोलत होता. गप्प झाला की मग—

गप्प झाला.

स्वयंपाकघराची खिडकी मी लावलीच ना