ठिपक्यांच्या रेषेवरून सायकलने

तीर्थरूप दादा,

धाकटीचा नमस्कार, वहिनींनाही सांग. तुझी तब्येत ठीक आहे असं धरून चालते, कारण नसती तर तूच चार पानं लिहिली असतीस (मागच्या साध्या पडशाची हकीकत आम्ही दोन बैठकांत वाचून संपवली). आम्ही इकडे खुशाल. डावं कोपर खरचटलंय तेवढं सोडलं तर मी धडधाकट आहे, आणि ते कोपरही मी शाळेत अर्ध्या बाह्या घालून मिरवते आहे. का, ते सांगायलाच हा कागद घेतला.

एकोणतीस वर्षं मी भूगोल शिकवते. डोंगर, दऱ्या, नद्यांची खोरी, सगळं फळ्यावर. प्रत्यक्षात आमच्या शहराबाहेरच्या जंगलात मी गाड्या लावतात त्या मैदानाच्या पुढे पाऊल टाकलेलं नव्हतं. यंदा सहामाहीचे पेपर तपासताना एकाच दिवसात सत्तेचाळीस वेळा 'डोंगर म्हणजे उंच जमीन' वाचलं आणि मनात आलं, यांना तरी काय दोष द्यायचा, बाईंनी तरी कुठे पाहिलाय? त्या दिवशी ठरवलं. सायकलवरून त्या जंगलातली सगळी डोंगररांग आरपार करायची. शहाण्णव किलोमीटर, दोन दिवस, डांबर नाही, नुसती खडी आणि माती. त्यासाठी ग्रॅव्हल सायकल म्हणून वेगळी सायकल येते (टायर रुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं), ती घेतली आणि स्टाफरूममध्ये बेत जाहीर केला. तिथे आमचे पीटीचे सर बसले होते. अख्खी शाळा त्यांना शिट्टी म्हणते, कारण गळ्यातली शिट्टी ते फक्त आंघोळीपुरती उतरवत असावेत. ते हसले असते तर परवडलं असतं. ते नुसतं म्हणाले, "बाई, नकाशात दम लागत नाही," आणि पुन्हा चहा प्यायला लागले. दादा, त्याच संध्याकाळी मी त्या जंगलाचा मोठा नकाशा विकत आणला.

तुझ्या मेहुण्यांचं तुला ठाऊकच आहे. लोकांच्या कवळ्या करता करता हा माणूस स्वतः तोंड उघडेनासा झालाय. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझ्या नकाशावरच्या सारख्या उंचीच्या रेषा तेवढ्या उतरवून घेतल्या आणि आठवड्याभरात जेवणाच्या टेबलावर दातांच्या प्लॅस्टरचा अख्खा डोंगर उभा केला. रस्ता दाखवायला कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी रंग. तेव्हापासून आम्ही ओट्याशी उभ्याने जेवतो. मी रोज त्या गुलाबी रस्त्यावरून बोट फिरवायची, आणि खरं सांगते, बोटाला चढ जाणवतच नव्हता.

गेल्या रविवारी पहिला अडतीस किलोमीटरचा टप्पा पाहून यायचं ठरलं. शिट्टी सर म्हणाले, कुणीतरी जबाबदार बरोबर हवं, आणि स्वतःच आले. एकविसाव्या किलोमीटरला नकाशात डावीकडे ठिपक्यांची एक रेषा होती. ही पायवाट, असं मी ठामपणे सांगितलं (मी काहीही ठामपणेच सांगते, तो धंद्याचा दोष). किलोमीटरभर वाटेसारखं काहीतरी होतंही. मग ते बोळाएवढं झालं, मग हातभर, आणि उतारावर सर जोरात पुढे गेले ते थेट काटेरी झुडपात. पुढचं चाक बसलं. सरांच्या पिशवीत दोरी होती, बँडेज होतं, सहा केळी होती, पंप नव्हता. माझ्याकडे होता. बाथरूमच्या बादलीत मी अकरा वेळा पंक्चर काढण्याचा सराव केलेला आहे. एकोणीस मिनिटांत चाक उभं केलं. मध्ये मी म्हटलं, "सर, जरा खाली धरा," आणि त्यांनी धरलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी माझं ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

पण मान वर करून पाहते तो वाट गायब. चारही बाजूंना झाडं, सगळी एकसारखी. चार वाजून गेलेले, वनखात्याचं फाटक सहाला बंद होतं, पाणी एक बाटली, आणि मागे फिरावं तर परतीच्या रस्त्यात नऊ किलोमीटरचा उभा चढ. सरांनी शिट्टी वाजवली. लांबून एका वानराने उत्तर दिलं, बाकी कुणी नाही. दादा, एका मोठ्या माणसाला मी माझ्या हट्टापायी इथे आणून उभं केलं होतं. सर आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी वाट पाहत होते, तर ते हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा कुठे जायचं."

मी सीटवर नकाशा पसरला. सारख्या उंचीच्या रेषा जिथे चिमट्यासारख्या वाकतात आणि टोक चढाकडे करतात, तिथे ओढा असतो. हे मी दर वर्षी चार तुकड्यांना सांगते आणि चारही तुकड्या जांभया देतात. तसे चिमटे आमच्या उजव्या हाताला एकाखाली एक उतरत गेले होते, थेट फाटकाजवळच्या रस्त्यापर्यंत. म्हटलं, उजवीकडे उतरायचं. आणि तिथे ओढा होता, दादा. कोरडा, दगडगोट्यांनी भरलेला, पण मी सांगितला तिथेच. सायकली खांद्यावर घेऊन दोन किलोमीटर आम्ही त्यातून उतरलो (कोपर तिथलंच), आणि सहाला दहा मिनिटं कमी असताना फाटकाच्या आतल्या बाजूने बाहेर आलो.

तिथली वनरक्षक बाई नोंदवही मिटत होती. "तुम्ही आत गेलात कधी?" तिने विचारलं. आम्ही पलीकडच्या फाट्यावरून आल्याचं सांगितलं, नकाशा दाखवला. तिने ठिपक्यांवर बोट ठेवलं. "ही वाट नाही हो बाई. ही आमच्या दोन हद्दींमधली सीमा आहे. हिच्यावरून डुकरंसुद्धा जात नाहीत." नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचा अर्थ छापलेला असतो, तो आधी वाचा, असं मी एकोणतीस वर्षं ओरडून सांगते आहे. तो मी वाचला नव्हता. पण ओढा कसा सापडला हे तिने दोनदा विचारलं, माझ्याकडून कागदावर काढून घेतला, आणि वणव्याच्या सूचनांशेजारी तो कागद चिकटवला. खाली माझी सही आहे. खरा रस्ताही तिनेच दाखवला: वणवा पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा. तुझ्या मेहुण्यांनी लगेच गुलाबी रंग खरवडून नवीन रस्ता काढला आहे.

सोमवारी प्रार्थनेनंतर शिट्टी सर सगळ्या शाळेपुढे उभे राहिले. मला वाटलं, आता आपली धिंड. ते म्हणाले, "काल मी जंगलात हरवलो होतो. भूगोलाच्या बाईंनी मला घरी आणलं. तास चालू असताना जांभई दिसली तर मैदानाला पाच फेऱ्या." दादा, मला स्वतःचा अभिमान वाटतो, आणि हे लिहिताना हात जराही अडखळला नाही. आता महिन्याभरात पूर्ण फेरी. वहिनींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा.

तुझी,
धाकटी

ता. क. सायकली खांद्यावर घेऊन दोन किलोमीटर उतरलो, असं वर लिहिलंय. पहिल्या किलोमीटरनंतर दोन्ही सायकली सरांनी घेतल्या. मी नकाशा धरला होता. तोही कुणालातरी धरावाच लागतो.

ता. क. २. मुक्कामाच्या परवान्याला किमान तीन माणसं लागतात. तिसरं नाव मी तुझं घातलं आहे. अर्ज सोबत जोडलाय, फुलीपाशी सही कर. वयाची मर्यादा पासष्ट आहे म्हणून तुझं चौसष्ट लिहिलंय. मागची दोन वर्षं तू गॅलरीतल्या खुर्चीत बसून काढलीस, ती मी धरली नाहीत.

ता. क. ३. हे पत्र लिहायला वहिनींनी सांगितलेलं नाही. त्यांचा फोनही आला नव्हता. आणि तुझे बूट त्यांनी आधीच पुसून दाराशी ठेवले आहेत, हे तर मला मुळीच माहीत नाही.