पाचवा पिवळा चिमटा

१८ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडेही ठीक असणारच. फोनवर तू येत नाहीस म्हणून कागद घेतलाय. दर वेळी वहिनी म्हणते, "ते बागेत आहेत." अरे, चार महिने बागेत? आहे केवढी ती बाग! चार कुंड्या आणि एक वेल. वहिनीला खोटं बोलता येत नाही, तिला कशाला कामाला लावतोस?

क्लबची खबर तुला हवी असो की नसो, मी सांगणार आहे. अकरा वर्षं तू चालवलेला संघ आहे, परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. आपण सध्या तक्त्यात तळाला आहोत. शेवटचे दोन संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जाणार आणि सामने उरलेत दहा. तुझ्या जागी आलेल्या नव्या मॅनेजरला पोरं "हळूसर" म्हणतात, कारण हा माणूस सगळ्याला "हळू, हळू" म्हणतो. चेंडू पायात आला, हळू. गोल खाल्ला, हळू. परवा बसवाल्याला ब्रेक लावायला उशीर झाला तेव्हा मात्र सगळी बस एका सुरात ओरडली, "हळू!" तेव्हा हळूसर पहिल्यांदा हसले.

मी ठरवलं होतं, या माणसाशी कामापुरतंच बोलायचं. पहिल्याच दिवशी ते माझ्या धुलाईखोलीत आले, बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि सुईदोरा मागितला. शर्टाचं बटण स्वतः लावलं, तेही वाकडं. मला बघवेना. उसवून मी नीट लावून दिलं, आणि तेवढ्यात माझा अबोला गेला बघ. वाईट माणूस नाही रे. तुझं राखाडी जाकीट अजून ऑफिसात खुंटीला आहे. शिपायानं काढायला घेतलं तर म्हणाले, "राहू दे, ते येऊन नेतील." स्वतःचा कोट खुर्चीवर टाकतात.

आपल्या दांडग्या बुलडोझरला त्यांनी बचावातून थोडा पुढे आणलाय. तू असतास तर कपाळाला हात लावला असतास. पण गेल्या तीन सामन्यांत आपण हरलो नाही, हे खरं.

बाहेरच्या फाटकावर कोणीतरी खडूनं काहीबाही लिहून ठेवतं. मी घासून काढते. तू मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे तुला माहीत नसेल तर राहू दे.

एक मात्र मी विसरले नाही. शेवटच्या दिवशी तू खोलीच्या दारात येऊन उभा राहिलास. "काही बोलायचंय का?" म्हणालास. मी म्हटलं, काय बोलायचं, चहा ठेवते. आणि तू चहा न घेता निघून गेलास. सख्ख्या बहिणीच्या हातचा चहा! मला फार लागलं ते.

वहिनीला नमस्कार. जाकीट न्यायला तरी ये.

तुझी धाकटी बहीण


२ मे

प्रिय दादा,

नमस्कार वगैरे आज राहू दे. तीन कागद फाडून झालेत, हा चौथा आहे.

मागच्या पत्रात फाटकावर काय लिहितात ते सांगायचं टाळलं. "पाचपर्यंत मोजता येतं का?" असं लिहितात. तुझ्यासाठी. अकरा वर्षं ज्यानं संघ वर ठेवला त्याला लोक येताजाता पाच बोटं दाखवतात, आणि मी ब्रश घेऊन फाटक घासते. कर्तव्यदक्ष बहीण! दादा, ते तुझ्यासाठी नाही रे. ते माझ्यासाठी आहे.

आपली पद्धत तुला माहीतच आहे, मीच काढली होती ना. प्रत्येक खेळाडूची जर्सी त्याच्या खुंटीवर, आणि त्याला पिवळं कार्ड मिळालं की त्या खुंटीवर एक पिवळा चिमटा. पाच झाले की पुढचा एक सामना बाहेर. महासंघ काही कळवत नाही, क्लबनंच लक्ष ठेवायचं. संघ लिहायच्या आधी तू खुंट्यांकडे एक नजर टाकायचास आणि म्हणायचास, "भिंगरीच्या चिमट्यांपुढे महासंघाचं दप्तर काय!" मी अशी फुशारून जायचे की विचारू नकोस.

नोव्हेंबरातला तो शुक्रवार. कपडे वाळवायचं यंत्र बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सामना, सगळे ओले कपडे खोलीतच दोऱ्या बांधून टाकले. लाकडी चिमटे संपले. गोलकीपरचे हातमोजे तेवढे हातात राहिले. समोर बुलडोझरची खुंटी होती. म्हटलं, एक काढते, मोजे वाळले की परत लावते. इस्त्रीचा चटका लागून एक कान वाकडा झालेला तो चिमटा. काढला, मोज्यांना लावला आणि दुसऱ्या कामाला लागले. पाचाचे चार झाले, दादा. तुझ्या नाही, माझ्या हातानं.

तू सकाळी आलास, चार पाहिलेस, बुलडोझरचं नाव लिहिलंस. आपण २-१ जिंकलो. मी शिट्ट्या मारल्या. सोमवारी समोरच्या क्लबची तक्रार आली, बंदी असलेला खेळाडू खेळवला म्हणून. जिंकलेले तीन गुण गेले. कार्यकारिणीपुढे तू म्हणालास, "मोजण्यात मी चुकलो." आठ दिवसांत तुला काढलं.

मला सोमवारी दुपारीच लख्ख आठवलं. धावत दोरीपाशी गेले. मोजे खाली पडलेले आणि चिमटा कुठेच नाही. यंत्राखाली पाहिलं, बादल्या उपड्या केल्या, नाही म्हणजे नाहीच. आणि मग मी काय केलं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, चिमटा नाही म्हणजे मी काढलाच नसेल, मला भास झाला असेल. सहा महिने मी त्या भासाला घट्ट धरून बसलेय. उरलेले सगळे पिवळे चिमटे डब्यात भरले आणि डबा साबणाच्या खोक्यांमागे टाकला. माझी नोकरी जाईल याची भीती वाटली, हे तर आहेच. पण तू परत कधी "भिंगरी" म्हणणार नाहीस, याची जास्त वाटली. आणि गंमत बघ, तसंही म्हणत नाहीसच.

परवा हळूसरांना तो डबा सापडला. साबण काढायला गेले होते. "हे कशासाठी?" विचारलं. पद्धत सांगितली तर एकदम खूश. "छान आहे की! पुन्हा लावा. बुलडोझरला पुन्हा कार्डांचं संकट आहे, मी कागदावर लिहून लिहून दमलो." माझा हातच उठेना. आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. रडत, नाक पुसत सगळं ओकले. नवा टॉवेल खराब केला.

ते बादलीवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, मला का सांगताय? माझं काय नुकसान झालं? मला तर नोकरी मिळाली. ज्यांचं झालं त्यांना सांगा."

म्हणून हे पत्र. उद्या अध्यक्षांकडे लेखी देणार आहे. तुला आधी कळावं म्हणून आजची टपालपेटी शेवटची उघडायच्या आत टाकून येते.

आपण आता शेवटून दुसरे आहोत, वरच्या संघापेक्षा दोन गुणांनी मागे. शेवटचा सामना शनिवारी, आपल्याच मैदानावर. ते तीन गुण असते तर आज आपण एकानं पुढे असतो. हे गणित मला झोपेतही सोडत नाही.

माफी मागते असं लिहिलं की फार सोपं वाटतं. तरी मागते. भिंगरी म्हणून सही करायचा धीर होत नाही.

धाकटी


११ मे

दादा,

नमस्कारही नाही आणि प्रियही नाही. आधी भांडणार आहे. पण क्रमानं सांगते, नाहीतर माझंच मला कळणार नाही.

अध्यक्षांना कागद दिला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "हंगाम संपू दे, मग बघू." म्हणजे गेलाच तो खणात. माझं डोकंच फिरलं. दुसरी प्रत काढली आणि बाहेरच्या फाटकावर चिकटवली, बरोबर खडूनं लिहितात तिथेच. "चिमटा मी काढला. मॅनेजरांची चूक नव्हती." खाली माझं पूर्ण नाव आणि काम, धुलाई विभाग.

लोक थांबून वाचत होते. तिकीटवाल्यानं दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. बुलडोझर मात्र खोलीत आला, एवढा दांडगा माणूस दारात अवघडून उभा. म्हणाला, "मावशी, कार्डं मला दाखवली होती. पाचपर्यंत मलाही येतं की." मग खुंटीवरची जर्सी घेऊन गेला. मी दार लावून रडले, पण ते वेगळं रडणं होतं.

शनिवारी सगळं मैदान भरलेलं. सत्तराव्या मिनिटाला आपण गोल खाल्ला. हळूसर रेषेजवळ उभे होते, "हळू" म्हणत होते पण आवाज फुटत नव्हता. पंच्याऐंशीला बुलडोझरनं डोक्यानं बरोबरी केली. तिकडे वरचा संघ हरत होता. म्हणजे फक्त एक गोल, दादा, एकच. शेवटच्या क्षणी चेंडू खांबाला लागला आणि परत आला. मी टॉवेलांची टोपली हातात घेऊन उभी होते, ती कधी खाली पडली कळलं नाही.

१-१. एका गुणानं आपण खाली गेलो.

कोणी ओरडलं नाही, दगड मारले नाहीत. लोक बसूनच राहिले. हळूसरांनी एकेकाशी हात मिळवला, समोरच्यांशीसुद्धा. मग धुलाईखोलीत आले, बाह्या वर केल्या आणि चिखलाचे मोजे उलटे करायला लागले. मी म्हटलं, ठेवा ते, माझं काम आहे. म्हणाले, "घरी जाऊन काय करू?" तेवीस जोड मोजे आम्ही दोघांनी उलटे केले. शेवटी मीच म्हटलं, माझ्यामुळे झालं हो हे. ते म्हणाले, "सप्टेंबरापासून आपण सतरा सामने हरलो, बाई. सतराही तुमच्यामुळेच का?" पुढच्या वर्षीही तेच राहणार आहेत. म्हणाले, वर आणल्याशिवाय जाणार नाही, पण हळू.

आता तू.

आज सकाळी पोस्टमन पाकीट देऊन गेला. वर तुझं अक्षर, आत चिठ्ठीचा चिटोरा नाही. फक्त एक पिवळा चिमटा. एक कान वाकडा, इस्त्रीच्या चटक्याचा.

मी तिथेच पायरीवर बसले. मग पाकिटावरचा शिक्का पाहिला, शुक्रवारचा. सामन्याच्या आदल्या दिवसाचा. आपण वर राहतो की खाली जातो याची वाट न पाहता टाकलंस. आणि मग माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणून सांगू! तुला माहीत होतं! सोमवारी माझ्या आधी दोरीपाशी तू गेलास, चिमटा ओळखलास, खिशात घातलास आणि वर जाऊन "मी चुकलो" म्हणून आलास. मी यंत्राखाली पालथी पडून शोधत होते आणि तो तुझ्या खिशात! सहा महिने माझ्या जिवाची काय दशा झाली असेल याचा विचार केलास? मला वाचवायचं होतं तर तसं सांगायचंस. मला माफ केलंस म्हणून मी तुला केलं असं समजू नकोस.

दुपारभर अशी धुसफुसत कपडे आपटले. आणि मग, दादा, दारात उभा असलेला तू आठवलास. "काही बोलायचंय का?" हात खिशात होता तुझा. खिशात तोच होता ना रे? तू विचारायला आला होतास, आणि मी चहाचं आधण ठेवायला पाठ फिरवली. तू चहासाठी नव्हतासच आला. तू वाट पाहत होतास आणि मग सहा महिने बागेत जाऊन बसलास. उगाच तुझ्यावर रागावले होते मी. नाही, थोडी अजून आहेच.

चिमटा बुलडोझरच्या खुंटीला लावलाय. रिकाम्या खुंट्यांत तो एकटाच आहे. हळूसरांनी विचारलं, "पुढच्या हंगामाचं पहिलं कार्ड आत्ताच?" मी म्हटलं, नाही, हा मागच्या हंगामाचा आहे, परत यायला उशीर झाला.

रविवारी ये. वहिनीलाही आण, आता तिला खोटं बोलावं लागणार नाही. तुझं जाकीट धुऊन ठेवलंय. मैदानावर कोणी नसेल, फक्त गवत वाढतंय. दारात उभा राहून काही विचारू नकोस. आत ये, बादली पालथी घाल आणि बस. या वेळी आधी मी बोलेन, आणि चहा नंतर.

तुझीच,
भिंगरी