लोसालीनेला कोणी नेसवायचे

आज बुधवार, दिनांक १४ ऑगस्ट २०१९, दुपारचे साडेचार. मी जिला नेसवतो त्या छोट्या लोसालीनेच्या पांढऱ्या मोज्यांना इस्त्री करत होतो, ती बाजूला ठेवून हे लिहायला बसलो आहे. इस्त्रीचे बटण बंद केले आहे. उठून पुन्हा पाहिले, बंदच आहे.

मी, पेनिसिमानी हावेआ, वय वर्षे चोवीस, काम गावच्या सरकारांच्या, म्हणजे हाइमोआनाच्या, मोठ्या घरी मुलांना नेसवणे, राहणार फालेउता, हाआपाई बेटे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या झडपेत. लहानपणी घसा सुजून ताप आला, तो सांध्यांत गेला आणि तिथून हृदयात उतरला. शनिवारी मला ऑपरेशनसाठी ऑकलंडला नेणार आहेत. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. पाळकांनी तर लिहू नको असेच सांगितले. म्हणाले, "अरे पेनी, झडप बदलायला चाललायस, जग सोडून नाही. एवढ्या कागदात माझी दोन प्रवचनं झाली असती." पण मी अर्धवट ठेवलेले काम पाहू शकत नाही, स्वतःचे तर नाहीच.

कलम पहिले. जमीन माझी नाही, घराण्याची आहे. तिच्यावरचे पत्र्याचे दोन खोल्यांचे घर माझे आहे. ते माझी थोरली बहीण वाइओलेती हिला. तिला नको असेल तर ती तसे सांगू शकते. बहिणीला नाही म्हणायचा हक्क आमच्यात आहे, भावाला नाही. मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढावी लागते.

कलम दुसरे. पोस्टातले पैसे तिच्याच मुलीच्या शाळेसाठी. मी चौथ्या फॉर्मनंतर, पंधराव्या वर्षी, शाळा सोडली. तिने सोडू नये.

कलम तिसरे. सामान. चटईची पाती कापायची कात्री आणि झाडाच्या सालीचे कापड घासून गुळगुळीत करायचा दगड वाइओलेतीला. चंदन घातलेल्या खोबरेल तेलाच्या बाटल्या मोठ्या घरीच राहू द्याव्यात, लोसालीनेच्या अंगाला लावायला. तेल आधी तळहातावर कोमट करावे, नाहीतर ती किंचाळते. इस्त्री लोसालीनेच्या आईला, सुलीआनाबाईंना, परत. त्यांनीच ती सिडनीहून आणली होती आणि ती फार चांगली इस्त्री आहे.

कलम चौथे. माझा चुलतभाऊ टोमासी मला बंदरावर सगळ्यांसमोर "काय रे बाहुलीवाल्या, आज कुठली बाहुली सजवलीस?" असे विचारतो. मी कधी उत्तर दिले नाही. त्याला माझी सायकल. मात्र दर रविवारी तिच्यावरून त्याने माझ्या आईच्या थडग्यावर जाऊन पांढरी वाळू पसरावी, आणि ती नीट, कडेपर्यंत पसरावी. तेव्हा त्याला कळेल की नीटनेटके काम करायला किती दम लागतो.

कलम पाचवे. हेच मुख्य आहे. बाकीचे मी हात बसावा म्हणून आधी लिहिले.

हाइमोआनाच्या घरी मुलांना नेसवण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे. माझ्या आजीने थोरल्या सरकारांना नेसवले, आईने धाकट्या सरकारांना, आणि मी धाकट्या सरकारांची एकुलती एक मुलगी लोसालीने हिला, ती उभी राहायला लागली तेव्हापासून. सरकार दोन वर्षांपूर्वी वारले. या महिन्याच्या २४ तारखेला लोसालीने पहिल्यांदाच गावासमोर वडिलांच्या जागी बसणार आहे. ती पाच वर्षांची आहे. त्या दिवशी मी इथे नसेन. कदाचित कुठेच नसेन.

अशा दिवशी मुलाच्या कमरेला जी चटई गुंडाळतात तिला नाव आहे: उतरता वारा. केतकीच्या पातीची ती इतकी जुनी आहे की हाताला कापडासारखी लागते. किनार झिजून दोरे लोंबतात, मध्ये भोके आहेत. तिची किंमत त्यातच आहे. नवी चटई कोणीही विणून घेऊ शकतो. फाटायला पिढ्या लागतात.

सुलीआनाबाई सिडनीत वाढल्या. त्या मुलीला घरी जीनची चड्डी आणि पळायचे बूट घालतात, आणि खरे सांगायचे तर ते तिला शोभतात. ईस्टरला त्यांनी तिला पांढरा झगा, हे मोजे, आणि वर लाल लोकरीची फुले लावलेली कोरी चटई नेसवून देवळात आणले. आत्यासाहेब, म्हणजे सरकारांच्या थोरल्या बहीण टोआकासे, पहिल्या बाकावर होत्या. आत्याचा शब्द आमच्यात आईबापांच्याही वर असतो. प्रार्थना संपल्यावर त्या देवळाच्या पायरीवरच थांबल्या.

"कोरी चटई? म्हणजे हिला कोणी आजे-पणजे नव्हतेच वाटतं?"

"आत्यासाहेब, स्वच्छ आहे ती."

"स्वच्छ तर भांडीपण असतात. सरकारांची लेक आहे ही, दुकानाची काच नाही. ऑगस्टच्या चोवीस तारखेला 'उतरता वारा' नेसेल."

"फाटकं नेसवून माझी मुलगी मी लोकांसमोर बसवणार नाही."

"ऐका! सिडनीकरणीला आमचं फाटकं दिसतं."

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. एकाच टेबलावर बसतात आणि मध्ये मी उभा असतो. "पेनी, तुझ्या बाईसाहेबांना सांग, रताळी इकडे सरकवा." "पेनी, आत्यासाहेबांना सांग, त्यांच्याच हाताशी आहेत." लोसालीनेला हा खेळ वाटतो. तीही म्हणते, "पेनी, लोसालीनेला सांग, लोसालीनेला भूक लागली." गेल्या आठवड्यात सुलीआनाबाई मला म्हणाल्या की जबरदस्ती झाली तर २४ तारखेच्या आधीच त्या मुलीला घेऊन कायमच्या सिडनीला जातील. आत्यासाहेबांचा निरोप तयारच होता: "तिला सांग, बोट कोणी बांधून ठेवलेली नाही." त्यानंतर त्या स्वतः दुपारभर लोसालीनेच्या खाटेवर बसून राहिल्या.

गाव म्हणते, सिडनीचे वारे. ते खरे नाही. जूनमध्ये मी ती चटई उन्हात टाकली होती. सुलीआनाबाई बाहेर आल्या आणि खांब धरून उभ्या राहिल्या.

"आत ने ती."

"बाईसाहेब, कीड लागते, ऊन द्यावं लागतं."

"पेनी, सरकार गेले तेव्हा मी दहा दिवस असंच फाटकं नेसून बसले होते. पार डोक्यापर्यंत. त्याचा वास अजून मानेवरून जात नाही. लोसालीने मला बघून रडली होती, मला ओळखेचना. आता तेच तिच्या अंगावर घालू?"

"ती चटई वेगळी होती, बाईसाहेब. ती मयताची. ही मानाची."

"फाटकं ते फाटकंच दिसतं रे."

हे आत्यासाहेबांना ठाऊक नाही, आणि यात त्यांचा दोष नाही. भाऊ गेला तर बहीण मयताच्या उशाशी बसते, उंची चटई नेसून, कारण ती त्याच्याहून मानाने मोठी. मोठ्या फाटक्या चटया नेसून मागे राबतात ती खालच्या मानाची माणसे, आणि विधवा. आत्यासाहेबांच्या अंगाला दुखवट्याची चटई कधी लागलेलीच नाही. त्यांना फाटके म्हणजे फक्त मान. सुलीआनाबाईंना फाटके म्हणजे फक्त मरण. आणि दोघी एकाच चटईकडे बघतात.

हे लिहू का, असे मी आज सकाळी सुलीआनाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लिही. मला तोंडाने नाही जमणार."

दुखवटा संपला तेव्हा सुलीआनाबाईंनी आपले केस मुळापासून कापले होते. कोणी सांगितले नव्हते. मी ते मागून घेतले आणि आईने शिकवलेल्या पद्धतीने त्यांचा सात पदरी कमरदोर वळला. त्याला दीड वर्ष लागले. तो माझा आहे, म्हणून मला तो देता येतो.

तरी माझी इच्छा अशी. हा दोर सुलीआनाबाईंना. चटईच्या पेटीची किल्ली आत्यासाहेबांना. आणि नेसवण्याचा आमच्या घराण्याचा मान दोघींना मिळून, एकटीला नाही. लोसालीनेला एकटीने नेसवता येतच नाही, ती फिरते. एकीने तिच्यासमोर गुडघे टेकून खांदे धरावेत, दुसरीने मागून गुंडाळावे. बरगडीला हात लागला की ती हसते आणि सगळे सुटते. तिला छपरावरच्या मैना मोजायला सांगावे. आत तिची जीनची चड्डी असली तरी चालेल. आत काय आहे ते गावाला दिसत नाही, आणि रोजची चड्डी अंगात असली की तिला पेटीतल्या जुन्या चटईची भीती वाटत नाही. झगा नको. बूट मात्र नकोतच, पायांना तेल लावावे. फोटो कितीही काढावेत. आत्यासाहेबांनी त्याला नाके मुरडू नयेत, कारण सरकारांचा त्या वयाचा एकही फोटो नाही आणि त्याची हळहळ सगळ्यात जास्त त्यांनाच आहे.

हे कलम मी जिवंत असलो तरी २४ तारखेच्या आत दोघींसमोर वाचावे. मृत्युपत्र माणूस मेल्याशिवाय वाचत नाहीत, असे कचेरीतले कारकून म्हणाले. ते कायद्यात बसत नसेल तर पाळकांनी प्रार्थनेत बसवावे.

कलम सहावे. मी गेलो तर माझ्यासाठी मोठे डुक्कर कापू नये, छोटे चालेल. मला आईच्या डाव्या बाजूला ठेवावे.

पुरवणी. शुक्रवार, दिनांक १६ ऑगस्ट, सकाळी.

काल संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर पाळकांनी पाचवे कलम मोठ्या घरी वाचले. माझ्या छातीत इतके धडधडत होते की माझ्यावर लक्ष ठेवायला आलेल्या दवाखान्याच्या नर्सबाईंनी मनगट धरून ठेवले.  वाचून झाल्यावर आत्यासाहेबांनी सरळ सुलीआनाबाईंना विचारले, मला नव्हे.

"त्या दिवसांत तू कुठे बसायचीस?"

"मागे. चुलीपाशी, आत्यासाहेब."

"मी त्याच्या उशाशी. ताठ मानेनं. मला तू दिसलीच नाहीस, पोरी." मग म्हणाल्या, "तसलं काहीतरी अंगावर ओढून घ्यावं असं मलाही वाटत होतं. भाऊ होता माझा. पण मला ते नेसता येत नाही."

सुलीआनाबाई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. पाळकांनी आमेन म्हटले आणि नर्सबाईंनी माझे मनगट सोडले.

आज सकाळी पाळकही आले होते; मी जायच्या आधी एकदा नेसवून पाहावे म्हणून आत्यासाहेबांनी पेटी उघडवली. चटई पसरली तेव्हा सुलीआनाबाई दारातच उभ्या होत्या. लोसालीने मात्र तिच्यावर पालथी पडली आणि एका भोकात बोट घालून म्हणाली, "हे कोणी पाडलं?"

आत्यासाहेब म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी. तुझ्याएवढाच होता. चांगला बसला होता गावासमोर, तेवढ्यात कोंबडी दिसली म्हणून उठून पळाला आणि गुडघा घातला त्याच्यात."

"आणि हे?"

"ते माझ्या आजोबांचं. ते जरा मोठे होते, त्यांना शोभलं नाही."

सुलीआनाबाई आत आल्या. वाकून त्यांनी पहिल्या भोकात आपले बोट घातले, मुलीच्या बोटाशेजारी, आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग म्हणाल्या, "उभी राहा, लोसालीने."

आत्यासाहेबांनी गुडघे टेकले. त्यांना कोणासमोर गुडघे टेकताना मी कधी पाहिले नव्हते. उठताना पाळकांचा हात धरावा लागला आणि त्या म्हणाल्या, "बघत काय राहिलात, वजन आहे मला." सुलीआनाबाईंनी गुंडाळले आणि आपल्याच केसांच्या दोराने बांधले. आत जीनची चड्डी होती. मैना मोजता मोजता लोसालीने दोनदा चुकली.

सबब पाचव्या कलमातील दोर, किल्ली आणि मान आता माझ्या ताब्यात नाहीत. ज्यांना द्यायचे त्यांनी ते नेले. म्हणून ते कलम मी माझ्या हाताने रद्द करतो. बाकीची कलमे कायम.

चटई डावीकडे दोन बोटे उतरली होती आणि गाठ पुढे यायची ती कुशीला गेली होती. मी हात लावला नाही.

लिहून देणार: पेनिसिमानी हावेआ (सही)

त्याने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्याच्यासमोर. आम्हा दोघांना यात काही मिळत नाही:
१. उइलीसोनी मातेले, पाळक (सही)
२. काटालीना फिफिता, नर्स (सही)

ठिकाण: फालेउता, हाआपाई
दिनांक: १६ ऑगस्ट २०१९